चार साहेब आणि एक मावशी

पाटबंधारे खात्यात हयात गेल्यामुळे एक नियम मला तोंडपाठ आहे. कारकुनावर एक साहेब असला तर काम होतं, दोन असले तर कारकून हुशार होतो आणि चार असले तर तो बदली मागतो. निवृत्तीनंतर आम्ही उभयता मुलाकडे वाकडला राहायला आलो आणि हाच नियम आता मी फ्लॅटमध्ये सिद्ध होताना बघतो आहे. इथे कारकुनाच्या खुर्चीत मावशी आहेत आणि टेबलावरची फाइल म्हणजे माझी नात. ही फाइल पळते, चावते, भिंतीवर स्वतःच शेरा मारते आणि हरवली की सोफ्याखाली सापडते.

साहेब चार. पहिल्या सूनबाई, दुसरे चिरंजीव, तिसरी आमची सौभाग्यवती आणि चौथ्या सूनबाईंच्या मातोश्री. त्या राहतात नाशिकला, पण कारभार व्हिडिओ कॉलवरून बघतात. पाचवा मी, पण माझं मत कुणी मागवत नसल्यामुळे मला साहेब म्हणणं नियमात बसत नाही. मी फार तर लेखापरीक्षक. सगळं होऊन गेल्यावर ते कसं व्हायला नको होतं, एवढंच सांगणारा.

मावशींची गरज पडली ती कायद्यामुळे. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. कागदावर सहा महिने पुष्कळ वाटतात. प्रत्यक्षात बाळाला दिवस-रात्रीतला फरक कळू लागतो, आईला जरा सलग झोप मिळू लागते, आणि नेमकी त्याच आठवड्यात रजा संपते. बापाचं तर विचारूच नका. केंद्र सरकारच्या नोकराला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी कंपनीतल्या बापाला कायदा काहीच देत नाही. चिरंजीवांना कंपनीने आपणहून जी काही थोडी रजा दिली, ती त्यांनी पाळण्याचे नटबोल्ट जोडण्यात संपवली.

याच कायद्यात ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करायला सांगितलं आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली आहे. तरतूद उत्तम. पण वाकडहून हिंजवडीला जाताना मध्ये भूमकर चौक लागतो, हे कायदा करणाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. सकाळी बाळाला घेऊन त्या चौकात शिरावं, तर पलीकडे पोचेपर्यंत त्याला दात येतात. म्हणून घरीच मावशी ठेवायचं ठरलं.

मुलाखतीसाठी सूनबाईंनी प्रश्नांची यादी काढली होती. तिची प्रिंटही काढली होती. मावशी आल्या, खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि त्यांनीच मुलाखत सुरू केली. कितवा मजला? लिफ्ट बंद पडते का? कुत्रं आहे का? लेकराचंच काम, की त्यात हळूहळू भाजी निवडणं आणि कपडे वाळत घालणंही येणार? आजी-आजोबा कायम राहणार, की येऊन-जाऊन? शेवटचा प्रश्न त्यांनी जरा आवाज खाली आणून विचारला, "सासू-सुना बोलतात ना एकमेकींशी?" सूनबाईंनी सौभाग्यवतीकडे आणि सौभाग्यवतीने सूनबाईंकडे बघितलं. दोघी एकदम "हो" म्हणाल्या. मावशींनी मनातल्या मनात काहीतरी टिपून घेतलं.

आम्ही आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, फोटो घेतला, पोलिस पडताळणीचा अर्ज भरला. मावशींनी आमची पडताळणी सर्व्हिस लिफ्टमध्ये केली. सोसायटीच्या गेटच्या अ‍ॅपवर कामाच्या बायकांना तारे देता येतात, याची आमच्या इमारतीतल्या मंडळींना फार मौज वाटते. बायकांचं अ‍ॅप म्हणजे ती लिफ्ट. तळमजल्यापासून अकराव्या मजल्यापर्यंत कुणाच्या घरी पगार एक तारखेला होतो, कुणाच्या घरी मोजून पोळ्या ठेवतात आणि कोणते साहेब ऑफिसचा राग घरी काढतात, याची नोंद तिथे रोज अद्ययावत होते. आम्हाला तिथे किती तारे आहेत ते मला ठाऊक नाही. पण मावशी रुजू झाल्या, त्या अर्थी आम्ही काठावर पास झालो असणार.

पहिल्याच दिवशी फ्रिजवर वेळापत्रक लागलं. इंग्रजीत, चार रंगांत. मावशी मूळच्या बीड जिल्ह्यातल्या, शिक्षण सातवी, मराठी पेपर अग्रलेखासकट वाचणाऱ्या. त्यांनी त्या रंगीत कागदाकडे आदराने बघितलं आणि कामाला लागल्या. ज्याने आदेश पाळायचा त्याच्या भाषेत आदेश काढावा, हे आमच्या खात्याला कळायला राजभाषा अधिनियम यावा लागला होता. घरातली अनुवादाची जबाबदारी अर्थात लेखापरीक्षकावर आली. 'स्नॅक' म्हणजे राजगिऱ्याचा लाडू की केळं, यावरून पहिल्या दोन साहेबांत तिथल्या तिथे मतभेद झाला आणि तोवर ते वेळापत्रक नक्की कुणालाच कळलेलं नव्हतं, हे उघडकीस आलं.

मग परिपत्रकांना तोंड फुटलं. खिचडीचं बघा. सूनबाई म्हणाल्या, तूप एक चमचा. सौभाग्यवती म्हणाली, एका चमच्याने काय होतंय, दोन घाला. चिरंजीव म्हणाले, तूप राहू दे, प्रथिनं किती ते बघा. नाशिकहून आदेश आला की खिचडी कुस्करू नका, हल्ली मुलांना हातानेच खाऊ देतात, तसं पुस्तकात आहे. मावशी चौघांनाही "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी पाचव्याच प्रकारची खिचडी केली. नातीने निम्मी हाताने खाल्ली, निम्मी मावशींच्या हातून खाल्ली, उरलेली केसांना लावली. चारही साहेबांना आपलंच ऐकलं गेलं असं वाटलं. एवढं प्रशासकीय कौशल्य मी सचिवालयातही बघितलं नाही.

खाण्याच्या बाबतीत मावशींचं एकच परिपत्रक होतं आणि ते त्यांनी उलट दिशेने, साहेबांना काढलं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खं द्राक्ष लेकराच्या हातात द्यायचं नाही, घशात अडकतं. शेंगदाण्याचा कूट करा, द्राक्ष उभं चिरा. हे त्यांनी सांगितलं तेव्हा सौभाग्यवतीच्या मुठीत फुटाणे होते. डॉक्टरीणबाईंनी नंतर शब्दन् शब्द तेच सांगितलं आणि वर म्हणाल्या, "तुमच्या मावशी हुशार आहेत." घरी येताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

झोपेचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या डुलक्या धरून दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप हवी, असं त्यात आहे. चिरंजीवांनी हे वाचून मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं. त्यात बाळ झोपलं की बटण दाबायचं आणि उठलं की दाबायचं. बटणाचा आवाज व्हायचा आणि त्या आवाजाने बाळ उठायचं. मावशींकडे यंत्रणा साधी. पडदा ओढायचा, लेकराला मांडीवर घ्यायचं, थोपटत पाठीवरून हात फिरवायचा आणि गुणगुणायचं. काय गुणगुणतात ते नीट ऐकू येत नाही, कारण तोवर शेजारच्या पलंगावर आमच्या सौभाग्यवतीचं घोरणं सुरू झालेलं असतं.

त्याच सूचनांमध्ये मोबाइल-टीव्हीबद्दलही आहे. दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. घरात हा नियम मोठ्या गांभीर्याने मावशींना वाचून दाखवण्यात आला. मावशींनी आपला फोन पिशवीत टाकला, पिशवी खुंटीला लावली आणि विषय संपवला. आता सकाळचा हिशेब बघा. बाळाच्या तोंडात घास जावा म्हणून बाबांनी हत्तीचं गाणं लावलं. नाशिकच्या आजींना दर्शन हवं होतं, म्हणून व्हिडिओ कॉल झाला. सौभाग्यवतीची काल रात्री चुकलेली मालिका होती, ती आजी आणि नात दोघींनी बघितली. सूनबाईंची मीटिंग सुरू झाली आणि कन्या लॅपटॉपसमोर येऊन त्यांच्या वरिष्ठांना जीभ दाखवून गेली. सकाळी दहाच्या आत चारही साहेबांनी मिळून दिवसाचा कोटा उडवला. संध्याकाळी मुलगी "फोन दे, फोन दे" म्हणून जमिनीवर लोळली तेव्हा चौघांनीही प्रश्नार्थक नजरेने मावशींकडे बघितलं. मावशींनी खुंटीकडे बघितलं.

मग कॅमेरा आला. दिवाणखान्यात पुस्तकांच्या फळीवर. चिरंजीवांनी ही गोष्ट मावशींना आधी सांगितली, तो कुठे आहे ते दाखवलं आणि त्या जिथे कपडे बदलतात किंवा दुपारी पाठ टेकतात तिथे तो नाही, याचीही खातरी दिली. एवढं तरी त्यांनी शहाण्यासारखं केलं, कारण चोरून लावलेला कॅमेरा लेकराला राखत नाही, फक्त बाईला घालवतो. मावशींनी कॅमेऱ्याचं निरीक्षण केलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा खरा उपयोग शोधून काढला. त्याच्यासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "दादा, डायपर संपत आलेत. येताना आना. अन् केळी पिकलेली बगून घ्या, मागच्या टायमाला कच्ची आनली." हिंजवडीतल्या मीटिंगमध्ये चिरंजीव दचकले. काही दिवसांनी त्यांनी त्यातूनच "मावशी, तिला टेबलावरून खाली घ्या" असं ओरडून सांगितलं. आवाज फळीवरून आला. तेव्हापासून आमची नात पुस्तकं बाजूला सारून बाबाला शोधते आणि पाहुण्यांना सांगते की बाबा तिथे राहतो.

खेळण्यांचा खर्च हे वेगळं लेखाशीर्ष. चिरंजीवांनी परदेशी बनावटीची लाकडी खेळणी मागवली, वर माँटेसरीचं नाव. मुलीने खेळणं बाजूला ठेवलं आणि ते ज्या खोक्यातून आलं त्या खोक्यात जाऊन बसली. मावशींनी तिला एक पळी, दोन वाट्या, डब्यांची झाकणं आणि मूठभर मोठे शिंपले दिले. प्रत्येक शिंपला आधी तोंडात मावत नाही ना, हे बघून. दुपार निघाली. मला ताराबाई मोडकांची आठवण झाली. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे अनुताई वाघांना बरोबर घेऊन ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं, आणि माँटेसरीबाईंचीच पद्धत बिया, शंख, शिंपले, पानं असल्या आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर चालवून दाखवली. आमच्या मावशींनी ताराबाईंचं नाव ऐकलेलं नाही. पण कोसबाड कुठे असेल तर ते आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आहे. पुस्तकांच्या फळीवर फक्त बाबांचा आवाज राहतो.

भाषेवरूनही एक छोटं वादळ झालं. नात एक दिवस ऐटीत म्हणाली, "लई भारी!" नाशिकच्या साहेबांनी कॉलवरच कपाळाला हात लावला. हिची नर्सरीची मुलाखत आहे, बाईंसमोर लई म्हणाली तर? सूनबाईंनी मावशींना "जरा शुद्ध बोलत जा" असं सांगायचं ठरवलं. मी प्रथमच लेखी टिप्पणी सादर केली. हीच मुलगी इंग्रजी गाण्यातल्या पावसाला परत जायला सांगते तेव्हा चौघे टाळ्या वाजवतात. तिने बीडची मराठी उचलली तर तिच्याकडे एक मराठी जास्त झाली, कमी झाली नाही. मुलं भाषा शिकतात ती त्यांच्याशी दिवसभर बोलणाऱ्या माणसाकडून, आणि या घरात दिवसभर तिच्याशी बोलणारं माणूस एकच आहे. बाकीचे म्यूटवर असतात. टिप्पणीवर कुणी सही केली नाही. पण विषय मागे पडला.

आता जरा अडचणीचा मुद्दा. एकदा नात दिवाणखान्यात धडपडली आणि रडत रडत आईला ओलांडून थेट मावशींच्या गळ्यात पडली. सूनबाईंचा चेहरा मी बघितला आणि पेपरमध्ये डोकं घातलं. मावशींनी काय करावं? लेकराला कडेवर घेतलं, दोन पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "आईला दाखव बरं बाऊ कुठं झाला. आई फुंकर घालती." आणि लेकरू आईच्या हवाली करून पाणी आणायला आत निघून गेल्या. पाणी आणायला त्यांना बराच वेळ लागला. असली माणसं प्रशिक्षणाने तयार होत नाहीत. मूल एकापेक्षा जास्त माणसांना घट्ट धरतं, म्हणून आईची पकड सैल होत नाही. संभाजी महाराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊंचं नाव साडेतीनशे वर्षांनंतरही आदराने घेतलं जातं; त्याने सईबाईंचा मान तसूभर कमी झालेला नाही. हेवा करायचाच तर दुसऱ्या साहेबांचा करावा. मूल पडलं तेव्हा ते कॅमेऱ्यातून बघत होते.

धाराऊंचा मान आपण इतिहासात करतो आणि घरात चहा वेगळ्या कपात देतो. हे मी आमच्या इमारतीत मजल्यामजल्यावर बघतो. घराण्याचा एकुलता एक दिवा दिवसाचे दहा तास जिच्या कडेवर आहे, तिने रहिवाशांच्या लिफ्टने यायचं नाही. मुलाच्या तोंडात घास भरवणारे हात चालतात. त्याच हातांना ताटवाटी मात्र ओट्याखालची, आणि कप कान तुटलेला. आमच्याकडे हा प्रश्न नातीने सोडवला. तिने मावशींचा तो वेगळा कप जमिनीवर आपटला. दुसरा वेगळा आणायचा कंटाळा आला म्हणून मावशी आमच्याच कपातून चहा घेऊ लागल्या, आणि आभाळ काही कोसळलं नाही. समाजसुधारणा इतक्या थोडक्या खर्चात क्वचितच होते.

रजेचा विषय निघाला की सगळे साहेब एक होतात. आमच्या खात्यात एका कारकुनाच्या आजी चार वेळा वारल्या आणि साहेबांनी चारही अर्जांवर सही केली. मावशींच्या सासूबाई एकदाच वारल्या, तरी आमच्या घरात "खरंच का?" अशी कुजबुज झाली. मी घरातलं कालनिर्णय खाली काढलं. दुधाचे खाडे, गॅसची तारीख आणि चतुर्थी ज्या कागदावर मांडली जाते, त्यावर मावशींच्या रजाही मांडायला काय हरकत आहे? आठवड्याची सुट्टी रविवारी, पगारी. गावची जत्रा, भावाच्या मुलीचं लग्न, धाकट्याच्या शाळेची सभा हे सगळं महिना आधी लिहून ठेवायचं. आजारपणाच्या काही रजा वेगळ्या, न कापता. आणि आपण सगळे कोकणात गेलो म्हणून मावशी घरी बसल्या तर त्या दिवसांचा पगार कापायचा नाही, कारण रजा आपण घेतली, त्यांनी नाही. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे कंपनीसारखं झालं." मी म्हणालो, तुला कंपनीत हे आवडतं ना?

हे मागणं नवंही नाही. १९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता. पगारवाढ हवी, आजारपणाची रजा हवी, एवढंच मागणं. त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. शहरातल्या अनेक विचारवंतांनी श्रमप्रतिष्ठेचा अनुभव त्याच दिवसांत पहिल्यांदा राखेने घासून घेतला असणार. पुढे २००८ साली महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आला. २०२१ पासून असंघटित कामगारांसाठी केंद्राचं ई-श्रम पोर्टल आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला समिती नेमून घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला सांगितलं. मी सरकारी नोकर, समितीला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. तोवर घरचा कायदा घरीच करावा लागतो. मावशींचे अर्ज मात्र मी हौसेने भरले. फॉर्म भरण्याचं सुख निवृत्त माणसालाच कळतं.

ते फॉर्म भरताना त्यांच्या घरची माहिती कळली. मुलं दोन. बाळंतपणाच्या किती रजा मिळाल्या होत्या, असं सूनबाईंनी सहज विचारलं. मावशी हसल्या. "थोरली उसाच्या फडात झाली. तिथं आठवडे कोण मोजतंय ताई? मुकादम उचल मोजतो." ती थोरली आता नववीत आहे आणि मावशी आमच्याकडे असतात तेव्हा थेरगावात धाकट्याला तीच सांभाळते. आमच्या नातीला मावशी, मावशींच्या लेकराला थोरली, आणि थोरलीच्या बीजगणिताला कुणीच नाही, अशी ही साखळी निघाली. त्यामुळे रविवारी सकाळी बीजगणित माझ्याकडे आलं. मुलगी चुणचुणीत आहे. धरणाच्या पाण्याची उदाहरणं द्यायचं मी बंद केल्यापासून तिला समजूही लागलं.

आणि हे कळल्यावर संध्याकाळचे सात वेगळे दिसू लागले. मावशींची सुटायची वेळ सात. सूनबाईंचा कॉल लांबतो, पाऊस पडतो, भूमकर चौक तर आहेच. आठ वाजतात. मावशींना सकाळी उशीर झाला तर तो बेजबाबदारपणा आणि आपल्याला संध्याकाळी झाला तर ती ट्रॅफिक, असं साहेबलोकांच्या शब्दकोशात लिहिलेलं आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी कडा उतरलेल्या हिरकणीचं आपण केवढं कौतुक करतो. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष उघडले आहेत. पण हिंजवडीतली एक हिरकणी उशिरा सुटली, की थेरगावातली दुसरी आमच्या सोफ्यावर अडकते, आणि तिला उतरायला कडाही नसतो. आता उशीर झाला तर त्याचे पैसे वेगळे आणि रिक्षाचेही वेगळे, असं ठरलं आहे. ठरल्यापासून कॉल आश्चर्यकारक रीतीने वेळेवर संपू लागले.

सगळ्यात मोठी सुधारणा झाली ती रविवारच्या चहाला, मावशी नसताना. सूनबाई आणि चिरंजीव समोरासमोर बसले आणि मुलीचं खाणं, झोप, फोन आणि हट्ट यांबद्दल पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले. तोवर ते दोघेही फक्त मावशींशी बोलत होते. ठरलं असं, की मावशींना सूचना एकाच तोंडून जाणार, सूनबाईंच्या. बाकीच्यांनी आपल्या हरकती त्यांच्याकडे नोंदवायच्या, नाशिकनेही. सौभाग्यवतीला हे जरा लागलं. पण दुपारची गोष्ट सांगण्याचं खातं तिच्याकडे स्वतंत्र आल्यावर तिने मंजुरी दिली.

दुसरी सुधारणा म्हणजे वही. साधी, दोनशे पानी. मावशी त्यात मराठीत लिहितात: काय खाल्लं, किती झोपली, शी कशी झाली, औषध कधी दिलं, कुठे पडली. पहिल्या पानावर डॉक्टरांचा नंबर, रुग्णवाहिकेचा १०८, आणि जुलाबाच्या वेळी ओआरएसचं पाकीट एक लिटरचं आहे की २०० मिलिलिटरचं, ते वाचून तेवढ्याच पाण्यात घालायचं, ही सूचना. वहीचा एकच नियम आहे: मूल पडल्याची नोंद वाचून आरडाओरडा करायचा नाही. मूल पडलं हे सांगितल्याबद्दल बोलणी बसली, तर मुलाचं पडणं थांबत नाही, सांगणं तेवढं थांबतं. एरवी वही वाचनीय असते. परवाची नोंद होती: "दुपारी दोन घास कमी खाल्ले. आजींनी गुपचूप पेढा दिला. आजी नाही म्हनतील." सौभाग्यवती नाही म्हणाली.

मध्यंतरी नवव्या मजल्यावरून मावशींना बोलावणं आलं. पगार आमच्यापेक्षा जास्त. आमच्या घरात अवकळा पसरली. चिरंजीवांनी तर मीटिंग सोडली. मावशी वर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "पैसा बरा हाय. पन त्या घरात सांगनारी सहा मानसं हायती." चिरंजीवांनी त्याच संध्याकाळी पगाराला, आमच्या खात्याच्या भाषेत, सुधारित प्रशासकीय मान्यता दिली. बदलीचा अर्ज आला नाही म्हणून पगारवाढ रोखायची, ही चाल सरकारात चालते; घरात चालवू नये.

तेव्हा मंडळी, घरी लेकराला सांभाळायला मावशी ठेवणार असाल तर त्यांची मुलाखत घेण्याआधी घरातल्या मोठ्यांनी एकमेकांची घ्या. काम काय आणि काय नाही, हे त्यांच्या भाषेत लिहून द्या आणि त्यात मागाहून भाजी निवडणं घुसडू नका. पगार एक तारखेला द्या, रविवारी फोन करू नका, मुलासमोर त्यांना अरेतुरे करू नका. तुम्ही कसे बोलता ते मूल मन लावून ऐकतं आहे. आणि सातला येतो म्हणालात, तर सातला या.